रॅम चालेल की नाही, हे ठरवतं कोण?

रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणारी मेमरीची पट्टी, घ्यायला दुकानात गेलं की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, ‘डीडीआर थ्री की फोर?’ लगेच दुसरा, ‘लॅपटॉप की डेस्कटॉप?’ डीडीआरपुढचा आकडा म्हणजे रॅमची पिढी. एवढ्या दोन उत्तरांवर दुकानदार स्टिक (रॅमची पट्टी) काढून समोर ठेवतो आणि बहुतेक वेळा ती चालतेही. नाही चालली, तर ‘तुमच्या बोर्डातच प्रॉब्लेम आहे’पासून ‘कंपनी बदलून बघा’पर्यंत सगळं ऐकून घ्यावं लागतं. खरं तर कंपनीचा यात फारसा संबंध नसतो. जगातल्या बहुतांश रॅमच्या चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडूनच येतात. कितीतरी ब्रँड त्याच चिप आपल्या पट्टीवर बसवून, वर रंगीत पत्रा लावून विकतात. रॅम चालणार की नाही याचा निकाल लागतो मेमरी कंट्रोलरमध्ये, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधली देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागात, आणि तो रॅमवर नसतोच.

पूर्वी हा कंट्रोलर मदरबोर्डावरच्या नॉर्थब्रिज नावाच्या चिपमध्ये असायचा. एएमडीने २००३ मध्ये तो प्रोसेसरच्या आत नेला, इंटेलने २००८ मध्ये पहिल्या कोअर आय-सेव्हनपासून. म्हणजे आजच्या मशीनला कुठली आणि किती रॅम चालेल हे आधी प्रोसेसर सांगतो, मग बोर्ड. इंटेलच्या किंवा एएमडीच्या साइटवर प्रोसेसरचं मॉडेल टाकलं की मेमरीचा प्रकार, कमाल वेग आणि कमाल क्षमता समोर येते. दोन मिनिटांचं काम आहे, पण पैसे देण्याआधी ते करणारे थोडेच.

कंट्रोलरला एवढी मिजास का, हे कळायला रॅमच्या पोटात शिरावं लागतं. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचलं की एक बिट, म्हणजे एक ० किंवा १, साठवायला एक ट्रान्झिस्टर (विजेचा सूक्ष्म स्विच) आणि एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) पुरतो. १९६८ मध्ये त्यांना पेटंट मिळालं, १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही १ किलोबिटची चिप बाजारात आली, आणि आजची प्रत्येक डीडीआर स्टिक डेनार्ड यांच्याच रचनेवर चालते. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर १, नसला तर ०. ८ जीबीच्या स्टिकमध्ये असे सुमारे ६८.७ अब्ज कपॅसिटर असतात. इतक्या बारीक कपॅसिटरमधला भार टिकत नाही, सतत गळत राहतो. म्हणून डीडीआर-थ्री आणि डीडीआर-फोरमध्ये ६४ मिलिसेकंदांच्या आत कपॅसिटरची प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. त्यासाठी कंट्रोलर दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एक रिफ्रेशचा हुकूम सोडतो. तुम्ही काहीही करत नसलात, स्क्रीन नुसती उघडी असली, तरी हे चालूच. वीज गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं ते यामुळेच.

हे सगळं करायचं तर समोरच्या चिपमध्ये ओळी किती, रकाने किती, एक ओळ उघडायला किती वेळ द्यायचा, हे कंट्रोलरला आधीच ठाऊक हवं. ते सांगायला प्रत्येक स्टिकवर एक चिमुकली वेगळी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. डीडीआर-थ्रीमध्ये तिच्यात २५६ बाइट मावतात, डीडीआर-फोरमध्ये ५१२. क्षमता, वेग, व्होल्टेज, बनवणारी कंपनी, सगळी कुंडली तिच्यात. बटण दाबल्यावर बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, ही कुंडली वाचतो आणि त्याप्रमाणे कंट्रोलर जुळवतो. कुंडलीतली रचना कंट्रोलरला झेपणारी नसेल, तर पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळी. दुकानाच्या भाषेत ‘नो डिस्प्ले’.

याचा अस्सल नमुना म्हणजे जी-४१ चिपसेटचे बोर्ड. इंटेलच्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरच्या काळातले, कंट्रोलर अजून चिपसेटमध्येच (बोर्डावरच्या चिपमध्ये) असलेले हे बोर्ड आजही कितीतरी ऑफिसांत, क्लासेसमध्ये आणि झेरॉक्सच्या दुकानांत तग धरून आहेत. समजा, अशा डीडीआर-थ्रीवाल्या बोर्डासाठी ४ जीबीची स्टिक आणली. खाच जुळते, पिना जुळतात, स्लॉटमध्ये ‘टक्’ करून बसते, आणि मशीन चालू होत नाही. झालंच तर निम्मीच रॅम दाखवतं. तीच स्टिक शेजारच्या थोड्या नव्या पीसीत बिनतक्रार चालते! दोष कुणाचाच नसतो. जी-४१ला २ गिगाबिटपर्यंतचीच चिप कळते. अशा चिपमधली ओळ निवडायला पत्त्याचे १५ बिट लागतात. नंतरच्या ४ गिगाबिटच्या चिपला १६ लागतात, आणि हा सोळावा बिट जी-४१ पाठवूच शकत नाही. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे २ गिगाबिटच्या १६ चिपांचे ४ जीबी; म्हणून त्याला ४ जीबीची स्टिक हवी तर ती १६ चिपवाली, दोन्ही बाजू भरलेली हवी. ८ चिपवाली नको. जुने मेकॅनिक म्हणूनच स्टिक उलटीपालटी करून चिपा मोजतात. कारण विचारलं तर सांगता येईलच असं नाही, पण पद्धत पक्की आहे.

खाच जुळली म्हणजे रॅम जुळली हा समज इथेच मोडतो. खाच आहे ती चुकीच्या पिढीची स्टिक बसू नये म्हणून. डीडीआर-थ्रीला १.५ व्होल्ट लागतात, फोरला १.२, फाइव्हला १.१. डेस्कटॉपच्या डीडीआर-फोर आणि फाइव्ह दोन्हींना २८८ पिना असतात, पण खाच थोडी सरकवलेली. ती बसत नसेल तर जोर लावू नये, एवढं पुरे. डीडीआर-थ्री आणि डीडीआर-थ्री-एल यांची खाच मात्र एकच. ‘एल’वाली १.३५ व्होल्टवर चालते आणि गरज पडली तर १.५ वरही. उलट मात्र होत नाही. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या डीडीआर-थ्रीवाल्या लॅपटॉपना ‘एल’च लागते, साधी घातली की नो डिस्प्ले. लेबलवर ‘पीसी३’ आहे की ‘पीसी३एल’, हे एक अक्षर बघायचं.

लेबल वाचता येणं हीच यातली खरी विद्या. लॅपटॉपच्या एखाद्या स्टिकवर लिहिलेलं असतं: ८ जीबी, १आर×८, पीसी४-३२००एए-एसए२. ‘१आर×८’ म्हणजे चिपांची एक रँक (एकत्र काम करणारा गट), प्रत्येक चिप ८ बिट रुंद. ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर-फोर. ‘३२००’ला सगळे मेगाहर्ट्झ म्हणतात, पण घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचंच असतं, प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती जाते म्हणून आकडा दुप्पट. दर खेपेला ८ बाइट, म्हणजे सेकंदाला २५.६ जीबी. काही स्टिकांवर त्यामुळे ‘पीसी४-२५६००’ असं छापलेलं असतं, वस्तू तीच. शेवटच्या तुकड्यातलं पहिलं अक्षर नीट बघावं. ‘एस’ लॅपटॉपसाठी, ‘यू’ डेस्कटॉपसाठी, ‘आर’ सर्व्हरसाठी. ऑनलाइन एखादी १६ जीबीची वापरलेली स्टिक संशयास्पद स्वस्त दिसली, तर तिच्यावर हा ‘आर’ असण्याची शक्यता दाट. ती डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसेलही, पण साध्या बोर्डावर चालणार नाही.

वेगाच्या आकड्यावर लोक फार भाळतात. ‘एए’ या दोन अक्षरांत दडलेला तपशील असा, की मागणी केल्यापासून पहिली माहिती हाती यायला २२ ठोके लागतात. १६०० मेगाहर्ट्झने भागलं की १३.७५ नॅनोसेकंद. आता जुनी डीडीआर-थ्री १६०० घ्या: ११ ठोके, ८०० मेगाहर्ट्झ. भागाकार पुन्हा १३.७५! वेग दुप्पट झाला, पण पहिला बिट येण्याची वाट तेवढीच. इवल्याशा कपॅसिटरमधला भार लांबलचक तारेवर येऊन ओळखता येण्याजोगा व्हायला जो वेळ लागतो, तो घड्याळ पळवल्याने फारसा कमी होत नाही. एकदा ओळ उघडली की पुढची माहिती भराभरा येते, सुधारणा तिथे आहे. तेव्हा ऑफिसच्या कामासाठी २६६६ ऐवजी ३२०० घेऊन मशीन पळू लागेल ही आशा सोडावी. शिवाय कोअर आय-फाइव्ह १०४०० सारखा प्रोसेसर अधिकृतपणे २६६६च जाणतो, त्यामुळे साध्या बोर्डावर ३२०० ची स्टिकही २६६६ नेच चालते. जास्तीचे पैसे फुकट.

जुनीच्या जोडीला नवी लावली तर चालते का? पिढी तीच असेल तर बहुधा चालते. पण बैलजोडीत एक दमदार आणि एक संथ असला की गाडी संथाच्या चालीनेच जाते, तसं दोन्ही स्टिक कमी वेगाचीच चाल धरतात. तरीही दुसरी लावण्यात फायदा असतो, कारण दोन स्टिक असल्या की कंट्रोलर एकाच वेळी दोन्हींशी बोलतो. याला ड्युअल चॅनेल म्हणतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये, जिथे चित्रंसुद्धा याच रॅममधून काढली जातात, तिथे फरक डोळ्यांना दिसतो. ४ आणि ८ अशी विषम जोडीही बऱ्याच इंटेल मशीनवर चालते: दोन्हींतले चार-चार जीबी जोडीने, उरलेले चार एकट्याने. माझं मत विचाराल तर एकाच पाकिटातली जोडी घेण्याचा हट्ट गेम खेळणाऱ्यांनी करावा. घरच्या लॅपटॉपमध्ये आहे त्या ८ शेजारी दुसरी ८ लावली की पुष्कळ झालं.

मुळात रॅम कमी पडते आहे का, ते आधी बघा. विंडोजमध्ये नेहमीची सगळी कामं उघडून टास्क मॅनेजरमधलं मेमरीचं पान पाहायचं. वापर सतत नव्वदीत असेल तर रॅम वाढवण्यात अर्थ आहे. वापर निम्म्यावर असून मशीन रांगत असेल आणि आत अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर पैसे एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर, घालावेत. त्याच पानावर एकूण स्लॉट किती आणि भरलेले किती हेही दिसतं. फॉर्म फॅक्टरच्या जागी ‘रो ऑफ चिप्स’ असं आलं तर रॅम बोर्डावरच डाखलेली आहे. काही लॅपटॉपमध्ये थोडी डाखलेली आणि शेजारी एक मोकळा स्लॉट असतो. पातळ लॅपटॉप आणि मॅकबुकमध्ये तोही नसतो. तिथे विकत घेताना जेवढी घेतली तेवढीच कायमची. एक जुनी अडचण अजून भेटते: विंडोज ३२ बिटचं असेल तर २ चा ३२ वा घात, म्हणजे ४२९ कोटी पत्ते, एवढीच त्याची मजल. त्यावर ८ जीबी घालूनही वापरायला सव्वातीन-साडेतीनच मिळतात.

हा सगळा खटाटोप सध्या जास्तच करावा लागतो, कारण २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. एआयच्या सर्व्हरना लागणारी मेमरी हेच तिघे बनवतात आणि नफा तिकडे जास्त, म्हणून घरगुती रॅमला कारखान्यातली जागा कमी पडू लागली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यातच विंडोज १०ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुन्या मशीनचं काय करायचं हा प्रश्न घरोघरी आला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत असो की ऑनलाइन, लोक वापरलेल्या स्टिककडे वळतात. अशा वेळी लेबलाचा स्वच्छ फोटो मागवल्याशिवाय सौदा करू नये. लेबल खरवडलेलं असेल तर विषय तिथेच संपला.

बसवताना मशीन बंद करून वायर काढावी, लॅपटॉप उघडताच आधी बॅटरीचं कनेक्शन सोडवावं. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते आणि आपल्याला न जाणवणारा झटकाही चिपला पुरतो, म्हणून आधी धातूच्या कॅबिनेटला हात लावावा. कोकणात-मुंबईत त्रास उलटा: दमट हवेने संपर्कांवर पुट चढतं आणि चालू असलेली मशीन एके दिवशी बीप देऊन थांबते. मग स्टिक काढून खोडरबराने पिना घासायच्या, हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय. तो लागूही पडतो. पण पिनांवरचा सोन्याचा मुलामा केसाहून कितीतरी पातळ असतो. दर पावसाळ्यात घासत बसलात तर खालचं तांबं-निकेल उघडं पडतं. नुसती काढून घट्ट बसवण्यानेही बरेचदा भागतं. रबर लागलाच तर पांढरा, मऊ घ्या आणि भुगा नीट झटका.

नवी रॅम लावल्यावर पहिल्यांदा मशीन सुरू व्हायला वेळ लागतो. प्रत्येक तारेवरचा संकेत नेमका कधी पोहोचतो ते कंट्रोलर मोजून घेत असतो. याला ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर-फाइव्हच्या डेस्कटॉपवर यात काही मिनिटं जाऊ शकतात आणि तोवर स्क्रीन काळीच राहते. घाबरून मध्येच बटण दाबलं की मोजमाप पुन्हा पहिल्यापासून. चालू झाली की मेमटेस्ट-८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावून ठेवावं. एकही लाल ओळ दिसली तर स्टिक परत करायची. एखाददुसऱ्या चुकीने काय होतंय, असं म्हणून ठेवून घ्यायची नाही, कारण तो चुकीचा बिट उद्या जीएसटीच्या एक्सेलमध्ये जाऊन बसला तर कुणाला पत्ताही लागणार नाही.