सर्वांना आरोग्यसेवा म्हणजे सगळे दवाखाने सरकारी?

'सर्वांसाठी आरोग्यसेवा आली की दवाखाने सरकारजमा होतात आणि डॉक्टर सरकारी नोकर बनतात', हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे.

असं वाटणं साहजिक आहे, कारण डोळ्यासमोर ब्रिटन असतं. तिथे १९४८ पासून खर्च मुख्यतः करातून होतो आणि बहुतेक रुग्णालयं सरकारी आहेत. पण फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने तिथेही बहुतांशी त्यांचे स्वतःचेच, सरकारशी करार केलेले!

घोळ होतो तो तीन प्रश्न एकत्र केल्याने. पैसा कोण गोळा करतं? बिल कोण भरतं? दवाखाना कुणाचा? कॅनडात बिल प्रांताचं सरकार भरतं, डॉक्टर मात्र बहुतेक स्वतंत्र व्यावसायिक. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून विमा प्रत्येकाला सक्तीचा आहे आणि तो खासगी विमा कंपन्यांकडूनच घ्यायचा. फक्त या सक्तीच्या मूळ विम्यावर त्यांना नफा कमावता येत नाही.

जर्मनीची पद्धत तर १८८३ ची. कामगार आणि मालक दोघं वर्गणी भरतात, ती स्वायत्त विमा निधींकडे जाते. तुमचा भाचा तिकडे नोकरीला असेल तर त्याला पगारपावती बघायला सांगा. आयकराची कपात वेगळी आणि आरोग्यविम्याची वेगळी दिसेल.

म्हणजे सरकारचा हात नसतो असं नाही. विम्यात कोणते उपचार बसतात, ते बहुतेक ठिकाणी कायद्याच्या चौकटीतच ठरतं. पण नियम करणं वेगळं आणि दवाखाना ताब्यात घेणं वेगळं.