निकोडिमस (कॅन्सस) : गाव आणि होमस्टेडर घराणी

अमेरिकेत कॅन्सस राज्याच्या ग्रॅहम काउंटीतलं, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळचं छोटं गाव. यादवी युद्धानंतर मिसिसिपीच्या पश्चिमेला कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावांपैकी आज टिकून असलेलं सगळ्यात जुनं. स्थापना १८७७ची धरतात, पण टाउन कंपनी (गाव वसवण्यासाठी काढलेली कंपनी) एप्रिलात निघाली आणि केंटकीहून सुमारे ३०० जणांचा मोठा जथा आला सप्टेंबरात, त्यामुळे वस्ती म्हणायची तर सप्टेंबरपासूनच म्हणावी. १८७९च्या 'एक्सोडस्टर' लाटेत (दक्षिणेतून कॅन्ससकडे झालेलं कृष्णवर्णीयांचं मोठं स्थलांतर) या लोकांना सर्रास ढकलतात ते चूक, हे दोन वर्षं आधीच आलेले.

नावाचा वाद जुना आहे. एक मत, बायबलमधला निकोडिमस. दुसरं, गुलाम म्हणून आणलेला आणि पुढे स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलेला एक आफ्रिकन राजपुत्र. गीतकार हेन्री क्ले वर्कच्या १८६४च्या गाण्यातही निकोडिमस नावाचा गुलाम आहे आणि कंपनीच्या १८७७च्या जाहिरातपत्रकावर त्याच गाण्याच्या चालीवर रचलेल्या ओळी छापल्यात, म्हणून दुसरं मत जास्त पटतं. अर्थात तो राजपुत्र खरंच होऊन गेला असं त्यावरून ठरत नाही, आणि कंपनीत पाद्रीही होते, म्हणून बायबलचं मतही अगदीच टाकून देता येत नाही.

होमस्टेड कायद्याने (१८६२) सरकारी जमिनीचे १६० एकर मिळायचे, ते घेणारा तो होमस्टेडर, अट पाच वर्षं राहून कसायची. लाकूड नाही, घोडे मोजकेच, त्यामुळे पहिली नांगरट म्हणजे कुदळ-फावडंच. राहायला जमिनीत खोदलेली घरं. १८७८च्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांनी गाव कुठंय विचारलं तर नवऱ्याने जमिनीतून निघणारा धूर दाखवला, आणि त्या रडायलाच लागल्या. पहिल्या हिवाळ्यात ओसेज या मूलनिवासी जमातीच्या शिकाऱ्यांनी मांस दिलं असं घराघरात सांगतात.

१८८८मध्ये रेल्वे नदीपलीकडून गेली आणि दुकानदार बोग या जवळच्या गावी हलले, काहींनी तर इमारतीसुद्धा उचलून नेल्या. गावची माणसं पांगली, घराण्यांची नावं मात्र राहिली. ग्रीन बे पॅकर्सचे फुटबॉलपटू व्हेरिल स्विट्झर इथलेच.

१९९६पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, त्यात दोन चर्च, सेंट फ्रान्सिस हॉटेल, शाळा आणि टाउनशिप हॉल या पाच वास्तू येतात. कायमचे रहिवासी अगदी थोडे. पण दर जुलैअखेर होमकमिंगला, म्हणजे घरवापसीच्या मेळाव्याला, वंशज गावी येतात. हा मुळात १ ऑगस्टचा मुक्तिदिन, आणि तो लिंकनच्या गुलाममुक्तीच्या घोषणेचा नाही बरं का, ब्रिटिश वेस्ट इंडिजमधली गुलामगिरी संपल्याचा.