मॅलमचं हरवलेलं पाणी

उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशायर डेल्समध्ये मॅलम नावाचं दगडी घरांचं लहानसं गाव आहे. गावातल्या ओढ्याच्या काठाने उत्तरेला जेमतेम किलोमीटरभर चाललं, की समोर अर्धगोलाकार पांढुरका कडा उभा राहतो. हा मॅलम कोव्ह, उंची सुमारे ८० मीटर. ओढा त्याच्या पायथ्यातूनच बाहेर पडतो. वर मात्र नदी नाही, नालाही नाही. मग हे पाणी येतं कुठून?

कडा चुनखडीचा आहे. पानाला लावायचा चुना हा दगड भाजूनच बनतो. पाऊस पडताना हवेतला आणि मातीत मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवू लागतं. फटी रुंदावतात आणि त्यांतून पाणी खाली उतरतं.

कड्याच्या बाजूच्या सुमारे ४०० पायऱ्या चढलं, की याचा पुरावा पायांखालीच येतो. फरसबंदी केल्यासारखं सपाट खडकाचं पठार, आणि त्यात खोल चिरा. मधल्या लाद्यांना तिथे ‘क्लिंट’ म्हणतात, चिरांना ‘ग्राइक’. वरची माती हिमनदीने खरवडून नेली. चिरांत डोकावून पाहाच. वर वारा आणि मेंढ्या काही टिकू देत नाहीत. आत ओलाव्यात, सावलीत जिभेसारख्या लांब पानांचे नेचे हिरवेगार वाढलेले असतात. या वाटेवर मला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

पुढे वॉटलोज नावाची कोरडी दरी लागते. पाणी नसताना दरी कोरली कुणी? हिमयुगाच्या अखेरीस जमीन गोठलेली होती, फटी बर्फाने बुजलेल्या होत्या. वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यामुळे वरूनच धावलं, दरी कोरत गेलं आणि कड्यावरून धबधबा होऊन कोसळलं. बर्फ गेलं, फटी मोकळ्या झाल्या, पाणी खाली गेलं. डिसेंबर २०१५मध्ये डेस्मंड वादळात इतका पाऊस झाला, की फटींना तो पेलवेना आणि कोव्हवरून काही काळ पुन्हा धबधबा कोसळला. गावातल्या हयात माणसांनी तो तोवर कधी पाहिलेला नव्हता.

दरीच्या वर मॅलम टार्न हे तळं आहे, समुद्रसपाटीपासून ३७७ मीटर उंचीवर. चुनखडीच्या मुलखात तळं टिकतं, कारण त्याच्या तळाशी पाणी मुरू न देणारा पाटीचा दगड आहे. तळ्यातून निघणारा ओढा चुनखडीवर आला, की थोड्याच अंतरात जमिनीत गडप होतो.

हेच पाणी कोव्हखाली निघत असेल, असं कुणालाही वाटेल. पण पाण्याचा माग काढला, तेव्हा कळलं की तळ्याचं पाणी मुख्यतः कोव्हला मागे टाकून गावाच्या दक्षिणेला एअर हेड झऱ्यांतून वर येतं. कोव्हखालचा ओढा माळावर दुसरीकडे, शिसं वितळवण्याच्या जुन्या भट्टीजवळ, मुरलेल्या पाण्याचा. गावाखाली दोन्ही प्रवाह एकत्र येतात. तिथून नदीचं नाव एअर, आणि तीच पुढे लीड्स शहरातून वाहते.