इस्लामी बँकिंग : वाढ, सामाजिक जबाबदारी आणि समावेशकता

इस्लामी बँकिंग : पैशावर व्याज न देता-घेता खरेदी-विक्री, भाडे आणि भागीदारी या करारांवर चालणारा बँकव्यवहार. त्याच्या मुळाशी ‘रिबा’चा निषेध आहे. रिबा म्हणजे कर्जाऊ दिलेल्या रकमेवर केवळ मुदतीपोटी घेतलेली वाढ. कुराणाच्या दुसऱ्या सूरेतील २७५ वी आयत व्यापाराला मुभा देते आणि रिबाला मनाई करते. त्याच सूरेतील २८० वी आयत अडचणीतल्या ऋणकोला हात मोकळा होईपर्यंत मुदत द्यायला सांगते. यांच्या जोडीला करारातील अवाजवी संदिग्धता (घरार) आणि जुगार (मैसिर) हेही वर्ज्य आहेत. मद्य, डुकराचे मांस, जुगार अशा धंद्यांना पैसा पुरवता येत नाही.

नावे परकी वाटली तरी मराठी वाचकाला हे शब्द अगदी अनोळखी नाहीत. कर्ज, नफा, रक्कम, जामीन, वसूल हे आपल्या रोजच्या हिशेबातले शब्द अरबीतूनच आले आहेत. कर्जाच्या वाढीला कुंपण घालण्याची कल्पनाही इथे नवी नाही. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही, हा हिंदू कायद्यातील दामदुप्पटीचा नियम मुंबई इलाख्यात ब्रिटिश न्यायालयांनीही पाळला. दामदुप्पट व्याजाला मर्यादा घालते, इस्लामी करार व्याजाची जागाच दुसऱ्या व्यवहाराला देतो.

आधुनिक काळातील पहिला ठळक प्रयोग इजिप्तमध्ये झाला. पश्चिम जर्मनीत शिकून आलेले अर्थतज्ज्ञ अहमद अल-नज्जार यांनी १९६३ मध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील मित घम्र या गावी बचत बँक काढली. नमुना जर्मनीतील स्थानिक बचत बँकांचा होता. राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या सरकारला धार्मिक संघटनांचा संशय असल्याने नावात ‘इस्लामी’ शब्द मुद्दाम टाळला होता. खाती तीन प्रकारची होती. बचत खात्यावर व्याज नसे, पण खातेदाराला गरजेला छोटे बिनव्याजी कर्ज मिळे. गुंतवणूक खात्यातील पैसा नफ्या-तोट्याच्या वाट्यावर धंद्यात जाई. तिसरे खाते समाजसेवेचे. त्यात जकात (मुसलमानांना बंधनकारक असलेले वार्षिक दान) जमा होई आणि ती गरजूंना दिली जाई. बँकेचे दार कधीही न ओलांडलेला शेतकरी आणि कारागीर इथे खातेदार झाला. १९६७ पर्यंत अशा नऊ बँका झाल्या. त्यानंतर राजकीय कारणांनी प्रयोग गुंडाळला गेला आणि १९७१ मध्ये सरकारी नासर सोशल बँक उभी राहिली. त्याआधीच, १९६३ मध्ये, मलेशियात हजला जाणाऱ्यांसाठी बचत महामंडळ निघाले, तेच पुढे ‘ताबुंग हाजी’ म्हणून ओळखले गेले. गुरे-जमीन विकून हजला जायचे आणि परतल्यावर कंगाल व्हायचे, ही खेड्यातील मलय कुटुंबांची रड अर्थतज्ज्ञ उंगकू अझीझ यांनी १९५९ मध्ये सरकारपुढे मांडली होती.

वाढ : व्यवसायाला खरे भांडवल मिळाले ते १९७३ नंतरच्या तेलाच्या पैशातून. जेद्दा येथील इस्लामी विकास बँकेचे काम आणि दुबई इस्लामिक बँक दोन्ही १९७५ मध्ये सुरू झाली. कुवेत फायनान्स हाउस १९७७ चे, बँक इस्लाम मलेशिया आणि इस्लामी बँक बांगलादेश १९८३ च्या. इराणने १९८३ मध्ये कायदा करून सगळी बँकव्यवस्थाच बिनव्याजी केली. हिशेबाची आणि शरियाची (इस्लामी धर्मनियमांची) मानके ठरवणारी ‘आयोफी’ ही संस्था १९९१ पासून बहारीनमध्ये आहे. भांडवल आणि देखरेखीचे निकष ठरवणारे इस्लामी वित्तसेवा मंडळ २००२ मध्ये क्वालालंपूरला स्थापन झाले. आज इस्लामी वित्तव्यवहाराचा जागतिक आकार ३ लाख कोटी डॉलरच्या पुढे आहे. त्यातला सुमारे ७० टक्के वाटा बँकांचा आणि उरलेल्यात मोठा भाग सुकूकचा, म्हणजे व्याजाऐवजी मालमत्तेच्या उत्पन्नाचा वाटा देणाऱ्या रोख्यांचा. मात्र ही वाढ इराण, आखाती देश आणि मलेशिया एवढ्या टापूत एकवटलेली आहे. मुसलमानांची संख्या मोठी असूनही इंडोनेशियात तिचा वाटा लहान, भारतात तर जवळपास शून्य.

ही वाढ कशावर झाली, हे पाहिल्याशिवाय सामाजिक जबाबदारीचा प्रश्न कळत नाही. सुरुवातीच्या विचारवंतांना बँक उद्योजकाची भागीदार व्हावी असे वाटत होते : पैसा बँकेचा, मेहनत उद्योजकाची, नफा ठरलेल्या प्रमाणात (मुदारबा), किंवा दोघांचेही भांडवल आणि तोटा भांडवलाच्या प्रमाणात (मुशारका). प्रत्यक्षात बहुतेक बँकांच्या वह्यांत जास्त भरणा आहे मुराबह्याचा, म्हणजे खरेदी किंमत उघड सांगून त्यावर नफा लावून केलेल्या उधार विक्रीचा. कारण साधे आहे. भागीदारीत छोट्या दुकानदाराच्या गल्ल्यावर रोज नजर ठेवावी लागते, त्याच्या दोन वह्यांपैकी खरी कोणती हे शोधावे लागते आणि तोटा सोसावा लागतो. उधार विक्रीत हप्ता पहिल्याच दिवशी ठरतो.

मुराबहा कसा चालतो ते शिलाई यंत्राच्या उदाहरणावरून पाहू. शिंपी यंत्र निवडून बँकेकडे अर्ज करतो आणि बँकेने घेतल्यास आपण ते विकत घेऊ असे वचन देतो. बँक ४०,००० रुपयांना यंत्र घेते, बिल बँकेच्या नावावर होते. यंत्र बँकेच्या ताब्यात येते, निदान त्याची जोखीम बँकेवर येते. त्यानंतर बँक शिंप्याला ‘मला ४०,००० ला पडले, तुला ४४,४०० ला विकते’ असे सांगून विक्री करते आणि ३,७०० रुपयांचे १२ हप्ते ठरतात. इथे क्रमाला सगळे महत्त्व आहे. विक्रीआधी यंत्र वाटेत पडून मोडले तर नुकसान बँकेचे. या जोखमीमुळेच नफा वैध ठरतो. हप्ता थकला तरी ४४,४०० चा आकडा वाढत नाही. मुद्दाम थकवणाऱ्याला वचक म्हणून उशिराचा दंड करारात लिहिता येतो, पण तो बँकेच्या उत्पन्नात धरता येत नाही, दानखात्यात टाकावा लागतो.

चूक नेमकी कुठे होते तेही ठरलेले आहे. बँक ग्राहकालाच आपला खरेदी-प्रतिनिधी नेमते, रोख रक्कम त्याच्या हाती देते आणि नंतर बिल मागते. ग्राहकाने यंत्र आधीच घेतलेले असते, किंवा घेतलेलेच नसते. पैसे मुलीच्या लग्नात किंवा दवाखान्यात गेलेले असतात. कधी विक्रीच्या कागदावरची तारीख खरेदीच्या तारखेच्या आधीची निघते. अशा व्यवहारात मालाची विक्री झालेलीच नसते आणि ४,४०० रुपये व्याज ठरतात. शरिया लेखापरीक्षणात हे सापडल्यास तो नफा दानखात्यात वळवावा लागतो. उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच चालतो : पैसे थेट दुकानदाराला द्यायचे, माल जाऊन पाहायचा, तारखा जुळवायच्या. याहून वादग्रस्त प्रकार म्हणजे संघटित ‘तवर्रुक’. यात ग्राहकाला धातू किंवा पामतेल उधारीवर विकून लगेच त्याच्या वतीने तिसऱ्याला रोखीत विकले जाते. माल कुणी डोळ्यांनी पाहत नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह (धर्मकायदा) अकादमीने २००९ मध्ये तो अमान्य ठरवला, तरी अनेक देशांत तो चालू आहे.

घरासाठी ‘घटती भागीदारी’ वापरतात. ३० लाखांच्या घरात ग्राहक ६ लाख आणि बँक २४ लाख घालते. बँकेच्या वाट्याचे १०,००० चे २४० हिस्से पाडले जातात. ग्राहक दरमहा एक हिस्सा विकत घेतो आणि उरलेल्या हिश्शांचे भाडे देतो. भाडे वर्षाला ८ टक्के धरले तर पहिल्या महिन्यात १६,०००, दुसऱ्यात १५,९३३ असे ते उतरत जाते. २० वर्षांत घर पूर्णपणे ग्राहकाचे होते. आकडे गृहकर्जासारखेच दिसतात आणि भाड्याचा दर बहुधा बाजारातील व्याजदराला बांधलेला असतो, ही टीका रास्त आहे. फरक मालकीत आहे, म्हणजे घर कोसळले तर बँकेचाही हिस्सा बुडतो. अडचण मुद्रांक शुल्काची. मालकी दोनदा हस्तांतरित होत असल्याने शुल्कही दोनदा लागू शकते. ब्रिटनने २००३ च्या वित्त कायद्यात ही दुहेरी आकारणी काढून टाकली, त्यानंतरच तिथे असे गृहवित्त वाढले. मुंबईत शुल्क ६ टक्क्यांच्या घरात आहे. या घराला ते दुसऱ्यांदा भरायचे तर दीड-दोन लाखांचा प्रश्न.

सामाजिक जबाबदारी : ही दोन पातळ्यांवर पाहावी लागते. पहिली बंधनकारक : निषिद्ध धंदे टाळणे, अशुद्ध उत्पन्न दान करणे, जिथे नियम असेल तिथे भागधारकांच्या वतीने जकात काढणे. जकातीचा दर वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीच्या अडीच टक्के आहे आणि ती कुराणाने सांगितलेल्या आठ वर्गांनाच देता येते. बँकेची जाहिरात किंवा कार्यालयाचा खर्च त्यातून भागवता येत नाही. दुसरी पातळी ऐच्छिक : बिनव्याजी कर्जे, वक्फ (लोकोपयोगी कामासाठी कायमची राखून ठेवलेली मालमत्ता), पर्यावरण, नोकरवर्गाशी वागणूक. आयोफीच्या सामाजिक जबाबदारीवरील प्रशासन मानकात या दोन्ही बाजू वेगळ्या मांडल्या आहेत. मलेशियाच्या मध्यवर्ती बँकेने २०१७ मध्ये ‘मूल्याधारित मध्यस्थी’चे धोरण आणले. इस्लामी बँकेने नफ्याबरोबर समाजावर आणि निसर्गावर झालेला परिणामही मोजावा, अशी त्यात अपेक्षा आहे. हे धोरण आणावे लागले, यातच करार वैध असला म्हणजे हेतू साधतो असे नाही याची कबुली आहे. इंडोनेशियाने २०२० मध्ये रोख वक्फाला जोडलेला सुकूक काढला. वक्फाचा पैसा सरकारी सुकूकमध्ये ठेवायचा, मुद्दल शाबूत राखायची आणि परतावा लोकोपयोगी कामाला द्यायचा. सेरांग येथील अहमद वार्दी नेत्र रुग्णालयाच्या दृष्टिपटल केंद्राला तो मिळाला.

समावेशकता : जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी ६४ देशांतील माहितीवरून दाखवले की मुसलमान प्रौढांचे बँक खाते असण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आहे, कर्ज घेण्याच्या बाबतीत मात्र तसा फरक दिसत नाही. म्हणजे खात्यापासून दूर राहणारा माणूसही गरज पडली की कर्ज काढतोच. मोठ्या इस्लामी बँका पगारदार आणि व्यापाऱ्यांकडे वळल्यामुळे ही पोकळी छोट्या संस्थांनी भरली. इस्लामी बँक बांगलादेशची ग्रामीण विकास योजना १९९५ पासून पाच-पाच जणांचे गट करून चालते. सभासद बहुतांश स्त्रिया. लाहोरच्या ‘अखुवत’ या संस्थेने २००१ मध्ये १०,००० पाकिस्तानी रुपयांच्या एका बिनव्याजी कर्जाने सुरुवात केली. कर्जवाटप मशिदीत आणि चर्चमध्येही होते, त्यामुळे कार्यालयाचा खर्च वाचतो आणि चारचौघांत घेतलेले कर्ज बुडवणे जड जाते. संस्थापक अमजद साकिब यांना २०२१ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बिनव्याजी कर्जाला (करज-ए-हसना) खर्च मात्र सुटत नाही. समजा, संस्था वर्षाला सरासरी २०,००० ची ५०० कर्जे देते, उलाढाल १ कोटी, पगार-भाडे-कागद यांचा खर्च ६ लाख. दर कर्जामागे १,२०० रुपये पडतात. शरियाच्या दृष्टीने सेवाशुल्क प्रत्यक्ष खर्चाइतकेच आणि रकमेवर वा मुदतीवर अवलंबून नसलेले हवे. पण ५,००० रुपये उचलणाऱ्या भाजीवालीला १,२०० म्हणजे २४ टक्के आणि लाख नेणाऱ्याला जेमतेम सव्वा टक्का! रकमेप्रमाणे टक्केवारी लावली तर गरिबाला सोपे, पण मग ते व्याजासारखे दिसू लागते. तेच शुल्क दर तिमाहीला पुन्हा घेतले तर व्याजच होते. यावर संस्था तीन वाटा काढतात : रकमेचे टप्पे पाडून शुल्क, देणगीतून खर्च (अखुवतचा मोठा आधार देणग्या आणि पुढे पाकिस्तानातील पंजाब सरकारचा निधी), किंवा दुसऱ्या विभागातील मुराबह्याच्या नफ्यातून भरपाई. देणगीची वाट सर्वांत सोपी दिसते, पण देणगी आटली की पहिली कात्री कर्जवाटपालाच लागते.

भारत आणि महाराष्ट्र : १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचे कलम ८ बँकेला मालाची खरेदी-विक्री करण्यास मनाई करते, त्यामुळे मुराबहा दारातच अडतो. ठेवींचा ठरावीक हिस्सा सरकारी रोख्यांत ठेवण्याची सक्ती आहे आणि ते रोखे व्याजी आहेत. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये वित्तीय समावेशनासाठी बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. सर्व नागरिकांना बँकसेवा मिळण्याच्या व्यापक आणि समान संधी उपलब्ध आहेत असे सांगत रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो विषय बाजूला ठेवला. त्याआधी २०१६ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील लोकमंगल सहकारी बँकेने बार्शीत बिनव्याजी कर्जांचा छोटा उपक्रम केला होता. शेअर बाजारात वाट मोकळी आहे : मुंबई शेअर बाजारात २०१० पासून शरिया निर्देशांक आहे.

उरते ते सहकारी पतसंस्था आणि ‘मुस्लिम फंड’ यांचे काम. उत्तर प्रदेशातील देवबंदचा फंड १९६१ चा. सोने तारण ठेवून बिनव्याजी कर्ज, हातगाडीवाल्यांकडून रोजच्या रोज बचत गोळा करणे, असा त्यांचा धंदा. भिशी आणि पतपेढी पाहिलेल्याला तो लगेच उमगतो. पतसंस्थेच्या ठेवींना बँकेसारखे ५ लाखांचे विमासंरक्षण नसते, हे ठेवीदाराला स्पष्ट सांगायला हवे. ‘हलाल गुंतवणूक’ म्हणून फसवणूकही याच पोकळीत वाढते. २०१९ मध्ये कोसळलेल्या बंगळूरच्या आय मॉनिटरी ॲडव्हायझरीत गुंतवणूकदारांना ठेवीदार न म्हणता भागीदार म्हणून घेतले गेले होते. ओळखण्याची खूण जुन्या फिक्हच्या ग्रंथांतच आहे : मुदारब्यात नफ्याचे प्रमाण आधी ठरवता येते, नफ्याची रक्कम नाही. दरमहा लाखाला अमुक हजार देतो असे जो सांगतो, त्याचा करार मुदारबा नव्हे.