सुझानीवरचे दुभंगलेले फूल

जुन्या उझबेकी सुझानीवर, म्हणजे भरतकामाच्या चादरीवर, एखादे मोठे फूल बरोबर शिवणीवर दुभंगलेले दिसते: डावीकडची पाकळी उजवीकडचीशी जुळत नाही आणि लाल रंगही दोन्ही बाजूंना निराळा असतो. नजर लागू नये म्हणून ही खोट मुद्दाम ठेवली, असे विक्रेते सांगतात. ही कथा खपते छान. पण शिवणीवरच्या फुलांचे उत्तर मागावर आणि रंगाच्या हंड्यात मिळते.

फारसीत ‘सोझन’ म्हणजे सुई. बुखारा, नुराता, शहरिसब्झ या भागांत मुलीच्या लग्नासाठी घरच्या बायका या चादरी रेशमी धाग्याने भरत. हातमागावरच्या सुती कापडाचा पन्हा अरुंद असल्याने काही पट्ट्या कच्च्या शिवणीने जोडून त्यांवर जाणती बाई नक्षी रेखी. मग शिवण उसवून पट्ट्या वाटल्या जात आणि भरून झाल्यावर पुन्हा जोडल्या जात. एकीचा टाका घट्ट, दुसरीचा सैल. घट्ट टाक्याने कापड आकसते आणि पाकळी बोटभर सरकते.

रंगाचे प्रकरण अधिक रंजक आहे. तिथला लाल बहुधा आपल्या मंजिष्ठेच्या कुळातल्या रोयान या वनस्पतीच्या मुळांतून येई. मुळांतले अलिझरिन हे रंगद्रव्य रेशमावर एकटे नीट टिकत नाही, म्हणून लडी आधी तुरटीच्या पाण्यात भिजवतात. तुरटीतला अ‍ॅल्युमिनियमचा आयन एकीकडे रेशमाच्या प्रथिनातले आम्लगट धरतो आणि दुसरीकडे अलिझरिनच्या दोन शेजारी ऑक्सिजन अणूंच्या चिमट्यात सापडतो. या बंधाने रेणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या सरकतात, तो निळा-हिरवा प्रकाश शोषू लागतो, आणि मुळात पिवळट नारिंगी असलेला रंग लाल होतो. अ‍ॅल्युमिनियमऐवजी लोह आले, तर तेच अलिझरिन जांभळट तपकिरी दिसते. तुरटी किती, पाण्यात लोह किती, हंडा नुसता तापला की उकळला, यावर छटा ठरत असल्यामुळे पुढच्या खेपेच्या लडीला तोच लाल साधणे रंगाऱ्यालाही अवघड जाई.

रशियाने समरकंद घेतले ते १८६८ साली, आणि त्याच वर्षी बर्लिनमध्ये ग्रेबे आणि लीबरमान या रसायनशास्त्रज्ञांनी अलिझरिन प्रयोगशाळेत बनवले. रेणू तोच, मात्र मुळांच्या रंगात त्याच्या जोडीला पर्प्युरिन हे दुसरे रंगद्रव्यही असते. त्यामुळे ‘अस्सल वनस्पतिरंग’ म्हणून विकलेल्या सुझानीच्या इवल्याशा धाग्यात क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीने) अलिझरिन सापडले आणि पर्प्युरिनचा मागमूस नसला, तर तो लाल कारखान्यातला असल्याचा संशय बळावतो.