सातारा प्रकरण

सातारा प्रकरण : ईस्ट इंडिया कंपनीने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह (१७९३–१८४७) यांच्यावर ठेवलेला फितुरीचा आरोप, १८३९ मधील त्यांची पदच्युती, तिच्याविरुद्ध लंडनमध्ये वर्षानुवर्षे चाललेली वकिली आणि १८४८–४९ मध्ये संस्थान खालसा होणे, या घटनामालिकेला इतिहासात हे नाव आहे. राजकीय कथने (हल्लीच्या वृत्तपत्री मराठीत ‘नॅरेटिव्ह’) परराष्ट्र धोरण कसे घडवतात, हे पाहण्यासाठी हे प्रकरण विशेष उपयोगी पडते. कारण आरोप करणारा आणि आरोपी या दोघांच्याही कैफियती लेखी स्वरूपात मागे राहिल्या आहेत.

आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक अशा कथनांचे ढोबळमानाने तीन थर मानतात : जगाची घडी कशी बसली आहे, त्या घडीत आपण व समोरचा कोण, आणि हातातला प्रश्न नेमका कशाचा आहे. सातारा प्रकरणात तिन्ही थर आढळतात. वादाचे मूळ मात्र दुसऱ्या थरात आहे. साताऱ्याचे राज्य म्हणजे छत्रपतींच्या जुन्या गादीचे पुनरुज्जीवन, की कंपनीने स्वतःच्या मर्जीने निर्माण केलेले नवे संस्थान? पुढचे बहुतेक निर्णय या प्रश्नाच्या उत्तरावर फिरले.

मूळाविषयीचा वाद : छत्रपती शाहूंच्या मृत्यूनंतर (१७४९) सत्ता पेशव्यांच्या हाती एकवटली आणि १७५० च्या सांगोला करारानंतर साताऱ्याची गादी बव्हंशी मानापुरती उरली. प्रतापसिंह १८०८ मध्ये गादीवर आले, तेव्हा ते व्यवहारतः दुसऱ्या बाजीरावाचे नजरकैदी होते. तिसऱ्या इंग्रज–मराठा युद्धात इंग्रजांनी १० फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याचा किल्ला घेतला आणि पुण्याच्या दरबारी कंपनीचा प्रतिनिधी (रेसिडेंट) राहिलेल्या माउंट स्ट्युअर्ट एल्फिन्स्टनने दुसऱ्याच दिवशी, ११ फेब्रुवारीस, प्रसिद्ध जाहीरनामा काढला. या मजकुराकडे सहसा पेशवाईच्या अखेरीची घोषणा म्हणून पाहिले जाते. तो युद्धाचेही एक साधन होता, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा खून, त्या खुनाचा आरोप असलेला बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे आणि पुण्याच्या रेसिडेन्सीवरील हल्ला यांची उजळणी करून त्यात सगळा दोष एकट्या बाजीरावावर टाकला आहे. लढाई मराठ्यांशी नाही, त्यांच्या खऱ्या धन्याला कैदेत ठेवणाऱ्याशी आहे, असे सरदारांच्या मनावर बिंबवण्याचा हेतू उघड दिसतो. राजास सोडवून ‘स्वतंत्र सार्वभौमत्वा’च्या पदी बसवू आणि कुटुंबाला सुखाने व प्रतिष्ठेने राहता येईल एवढा मुलूख देऊ, असे त्यात वचन होते. त्यानंतर साधारण दहा दिवसांनी आष्टीच्या लढाईत (१९ किंवा २० फेब्रुवारी, साधनांत एका दिवसाचा फरक आढळतो) पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. एप्रिलमध्ये त्यांना साताऱ्यास गादीवर बसवण्यात आले.

२५ सप्टेंबर १८१९ च्या तहात मात्र भाषा बदलली. नीरा व भीमेपासून वारणा–कृष्णेपर्यंत आणि सह्याद्रीपासून पंढरपूर–विजापूरकडील प्रदेशापर्यंतचा मुलूख राजे, त्यांचे वारस व उत्तराधिकारी यांना कायमच्या सार्वभौमत्वाने दिला. त्याच तहात हा मुलूख ब्रिटिश सरकारच्या ‘दुय्यम सहकार्या’त राहून सांभाळावा, रेसिडेंटचा सल्ला मानावा आणि परक्या सत्तांशी किंवा आपली प्रजा नसलेल्या व्यक्तींशी पत्रव्यवहार करू नये, अशाही अटी घातल्या. एकाच दस्तऐवजात सार्वभौमत्व आणि दुय्यमत्व शेजारी शेजारी बसवले गेले. राजांच्या बाजूने बोलणारे पुढे नेहमी जाहीरनामा व तहाचे दानकलम पुढे करीत, तर कंपनीचे अधिकारी अटींचे कलम. दोघांनाही मजकुरात आधार होता. तहाच्या वेळी एल्फिन्स्टनला स्वतःला कोणता अर्थ अभिप्रेत होता, याविषयी मतभेद आहेत. संदिग्धता त्याने जाणूनबुजून ठेवली असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. जिंकलेल्या मुलखात त्या घडीला दोन्ही अर्थ त्याच्या उपयोगाचे होते.

या वादात इतिहासग्रंथाचीही भर पडली. साताऱ्याचा पहिला रेसिडेंट जेम्स ग्रँट (पुढे ग्रँट डफ) याने राज्यकारभाराची घडी बसवून १८२२ मध्ये पूर्ण अधिकार राजांकडे सोपवले आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला. त्याच्या कामासाठी प्रतापसिंहांनी दप्तर खुले करून दिले होते. कैदेतला छत्रपती आणि त्याला मुक्त करणारे इंग्रज, हे चित्र इंग्रजी वाचकांच्या मनात रुजण्यास या ग्रंथाचा हातभार लागला. राजांनी दिलेल्या कागदांतून राजांचेच राज्य उपकाराचे ठरावे, हा योग चमत्कारिक म्हणावा लागेल.

आरोप : पहिली ठिणगी जहागिरदारांवरून पडली. भोरचे सचिव, औंधचे प्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले इत्यादींवर राजांचे अधिकार किती, हा प्रश्न लंडनला गेला. कंपनीच्या लंडनमधील संचालक मंडळाचा राजांविषयीचा कल तेव्हा अनुकूल होता. १८३५ च्या अखेरीस मंडळाने प्रशंसापत्र व रत्नजडित तलवार धाडली. ती राजांच्या हाती कधीच पडली नाही. मुंबई सरकारने ती अडकवून ठेवली, कारण दरम्यान दुसरी हकीकत सुरू झाली होती.

आरोप तीन : २३ व्या देशी पलटणीच्या सुभेदारांना फितवणे, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधून फौज मिळवणे आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार. ऑक्टोबर १८३६ मध्ये रेसिडेंट लॉडविक, ओव्हान्स व विलोबी यांच्या गुप्त आयोगाने जबान्या घेतल्या. पुराव्याच्या नकला राजांनी पुन्हा पुन्हा मागितल्या, त्या त्यांना मिळाल्या नाहीत. दिवाण गोविंदराव याच्या आईच्या, गिरजाबाईच्या, नावे आलेला एक अर्ज तर विशेष गाजला. तो प्रत्यक्षात कृष्णाजी सदाशिव भिडे याने लिहिला होता आणि लॉडविकनंतर रेसिडेंट झालेल्या ओव्हान्सला हे कळूनही त्याने ते दडवले, असा आक्षेप पुढे लंडनमध्ये जोरात मांडला गेला. आयोगाची कागदपत्रे सातारा–मुंबई–कलकत्ता–लंडन या वाटेने वर जात राहिली. राजांची बाजू त्या वाटेवर नव्हती. प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीचा अभिप्राय पुरावा म्हणून वाचला गेला. प्रकरणाचा निकाल ठरवण्यात या कागदांच्या प्रवासाचा वाटा आरोपांच्या खरेखोटेपणापेक्षा मोठा असावा.

काळही अनुकूल नव्हता. हेरातला इराणी वेढा पडला होता, त्यामागे रशिया असल्याचा संशय होता आणि कंपनी अफगाणिस्तानच्या मोहिमेत गुंतली होती. कंपनीच्या पाठिंब्याने शाह शुजा काबूलच्या तख्तावर बसला तो ऑगस्ट १८३९ मध्ये. त्याच महिन्यात मुंबईचा नवा गव्हर्नर सर जेम्स कार्नाक साताऱ्यास आला. बाहेरच्या शत्रूशी आतले राजेरजवाडे संगनमत करीत आहेत, या भीतीत पोर्तुगालच्या फौजेची कल्पनादेखील गंभीरपणे घेतली गेली. एरवी तिची वासलात एका शेऱ्यात लागली असती.

कार्नाकने माफी देऊ केली, मात्र अटींवर. चिटणीस बळवंतराव यांना दूर करावे, बंधू आप्पासाहेब (शहाजी) यांची व्यवस्था लावावी आणि मुख्य म्हणजे तहाचा भंग झाल्याचे ज्यात गृहीत धरले होते अशा मसुद्यावर सही करावी. प्रतापसिंहांनी सही नाकारली. गादी वाचवण्याची किंमत इंग्रजांची हकीकत मान्य करणे ही होती, आणि ती त्यांना परवडण्यासारखी नव्हती. ५ सप्टेंबर १८३९ रोजी (काही साधनांनुसार ४ च्या मध्यरात्री) त्यांना वाड्यातून हलवण्यात आले, पुढे काशीस पाठवण्यात आले. १८ नोव्हेंबरला शहाजीराजे गादीवर बसले. इंग्रजांचे साहाय्यक बाळाजीपंत नातू यांचा या प्रकरणातील हात आणि साताऱ्यातील वेदोक्ताच्या (मराठ्यांना वैदिक मंत्रांनी विधी करण्याचा अधिकार आहे की नाही या) वादातून पडलेले तट यांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बराच भाग लेखकांच्या जातीय भूमिकांनी रंगलेला असल्याने तो जपून वापरावा लागतो.

लंडनमधील वकिली : पदच्युतीपूर्वीच सय्यद मीर अफझल अली व यशवंतराव राजेशिर्के हे वकील विलायतेस गेले होते. त्यांच्यामागून रोहिडखोऱ्याच्या देशपांडे घराण्यातील रंगो बापूजी गुप्ते निघाले. ते १८४० पासून सुमारे १४ वर्षे लंडनमध्ये होते. त्यांनी अवलंबिलेली पद्धत आज जनमत-राजनय म्हणून ओळखली जाते. दरबारी खलित्याऐवजी त्यांनी छापील पत्रके, कंपनीच्या भागधारकांच्या सभा आणि पार्लमेंटचे सभासद यांचा आधार घेतला. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतला वक्ता जॉर्ज टॉम्पसन, पार्लमेंटचा सभासद जोसेफ ह्यूम, संचालकांपैकी ईस्टविक यांनी बाजू उचलून धरली. आयोगात बसलेला लॉडविकही मायदेशी परतल्यावर राजांच्या बाजूने बोलला. (महाबळेश्वरच्या लॉडविक पॉइंटमुळे पर्यटकांना माहीत असलेला तो हाच.) रंगो बापूजींच्या मांडणीत एक बदल लक्षणीय आहे. हिंदुस्थानात हे प्रकरण छत्रपतींच्या गादीचे होते; लंडनमध्ये ते ऐकून न घेता शिक्षा झालेल्या माणसाचे झाले. श्रोत्यांना पोवाड्यातला इतिहास ठाऊक नव्हता, पण आरोपीला पुरावा दाखवावा लागतो हे ठाऊक होते. मते वळली, निकाल वळला नाही. भागधारकांच्या सभेतले ठराव आणि कॉमन्समधील (पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहातील) चौकशीची मागणी दोन्ही फेटाळले गेले. प्रतापसिंह १४ ऑक्टोबर १८४७ रोजी काशीस वारले. रंगो बापूजी १८५३ च्या अखेरीस किंवा १८५४ मध्ये परतले.

खालसा : शहाजीराजे ५ एप्रिल १८४८ रोजी वारले; मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. मूळाविषयीचा वाद इथे पुन्हा उभा राहिला. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क आणि रेसिडेंट बार्टल फ्रियर हिंदू कायद्याप्रमाणे दत्तक मानावा अशा मताचे होते. त्यांच्या दृष्टीने तहातील ‘वारस व उत्तराधिकारी’ या शब्दांत तो बसत होता. क्लार्कनंतर आलेला फॉकलंड व गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी उलट मत दिले. सातारा हे कंपनीनेच निर्माण केलेले संस्थान असल्याने औरस वारसाअभावी ते कंपनीकडे परत येते, हा डलहौसीचा मुख्य मुद्दा. हेन्री टकर आदी संचालकांच्या विरोधानंतरही १८४९ च्या आरंभी लंडनने मान्यता दिली. पुढे झाशी, नागपूरच्या वेळी साताऱ्याचा दाखला देण्यात आला (पहा : खालसा धोरण).

मतमतांतरे : कंपनीच्या बाजूचे लेखक प्रतापसिंहांना हट्टी व भोळे ठरवतात, राष्ट्रवादी लेखक ओव्हान्स–नातू यांचे कारस्थान मानतात. अलीकडचे अभ्यासक गुप्त पुराव्याची प्रक्रिया व युद्धकाळातील भीती यांवर भर देतात. उपलब्ध कागदांशी हे तिसरे मत जास्त जुळते. सुभेदारांशी राजांची भेट झाली की नाही, हा प्रश्न मात्र त्यानेही सुटत नाही.

उत्तरकाल : १८५७ च्या सातारा कटात रंगो बापूजींचे नाव पुढे आले, ते निसटले आणि पुढे सापडले नाहीत. त्यांचा मुलगा सीताराम देहदंड झालेल्यांत होता. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरील चार भिंती हे १८५७ चे स्मारक आहे. प्रतापसिंहांनी बांधलेल्या जुन्या राजवाड्यात पुढे प्रतापसिंह हायस्कूल भरू लागले.

साताऱ्याच्या रेसिडेंटशी जोडलेले आणखी एक कथन अलीकडे राजनयाच्या व्यवहारात आले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे ग्रँट डफला पेशव्यांच्या मंत्र्याने दिल्याचा मजकूर त्यांच्या पेटीवर आहे. ती शिवाजी महाराजांनीच वापरली होती याची पडताळणी शक्य नसल्याचे संग्रहालयाने म्हटले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाशी करार होऊन ती तीन वर्षांसाठी देण्यात आली आणि १९ जुलै २०२४ रोजी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रथम मांडली गेली. त्यानंतर २०२५ मध्ये ती नागपूरला प्रदर्शित झाली.