स्टॅटिन आणि हाडांची वाढ
स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायच्या गोळ्या, अटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन, सिम्वास्टॅटिन वगैरे. यांनी हाडं पण भरतात का, हा प्रश्न १९९९ पासून चर्चेत आला. त्या वर्षी अमेरिकेत टेक्सासमधल्या ग्रेगरी मंडी यांच्या टीमने तीस हजारांवर नैसर्गिक संयुगं तपासली, हाड बनवायला लावणाऱ्या बीएमपी-२ प्रोटीनचं जीन कशाने चालू होतं ते बघायला, आणि त्यातून लोव्हास्टॅटिन हाती लागलं. उंदरांच्या कवटीवर कातडीखाली इंजेक्शन दिलं तर तिथे खरंच नवीन हाड तयार झालं, त्यामुळे सगळ्यांच्या आशा वाढल्या.

यामागचं कारण मला फार सुंदर वाटतं. शरीर मेव्हॅलोनेट नावाच्या साखळीतून कोलेस्टेरॉल बनवतं, स्टॅटिन ती साखळी अगदी सुरुवातीलाच अडवतं. ऑस्टिओपोरोसिसवर, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारावर देतात ते अलेन्ड्रोनेट किंवा झोलेड्रोनेट पण तीच साखळी अडवतात, फक्त थोडं पुढे जाऊन, आणि त्याने हाड झिजवणाऱ्या पेशी थंडावतात. म्हणजे दोन वेगळ्या आजारांची औषधं एकाच वाटेवर काम करतात!

मग माणसांचं काय? २००० च्या सुमाराला जुने मेडिकल रेकॉर्ड बघून काही संशोधकांनी सांगितलं की स्टॅटिन घेणाऱ्यांची हाडं कमी मोडतात, पण खरी गोळी आणि प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) अशी नीट तुलना केली तेव्हा तसं काही दिसेना. ज्युपिटर नावाच्या अशाच एका मोठ्या ट्रायलमध्ये १७,८०२ लोक होते, त्यात रोसुवास्टॅटिनवाल्यांमध्ये २२१ जणांना फ्रॅक्चर झालं आणि प्लासिबोवाल्यांमध्ये २१०, म्हणजे फायदा शून्यच. मुख्य अडचण अशी की पोटात घेतलेली गोळी बरीचशी लिव्हरच ओढून घेतं, कोलेस्टेरॉलसाठी ते उत्तमच, पण हाडापर्यंत फार थोडं पोचतं. त्यामुळे हाडांसाठी म्हणून स्टॅटिन सुरू करू नये, आणि डॉक्टरांनी हृदयासाठी दिलं असेल तर हे वाचून बंदही करू नये, ऑस्टिओपोरोसिसची औषधं वेगळी आहेत.

खरी आशा आहे ती औषध थेट जागेवर लावण्यात. बेंगळुरूच्या सरकारी डेंटल कॉलेजात हिरड्यांच्या आजाराने दाताभोवतीचं हाड झिजलेल्या पेशंटना खोल सफाईनंतर १.२ टक्के सिम्वास्टॅटिनचं जेल त्या खाचेत भरलं, तर सहा महिन्यांनी एक्स-रेमध्ये नुसत्या सफाई आणि प्लासिबो जेलपेक्षा हाड जास्त भरलेलं दिसलं.